लिहिण्याला काळा ठिपका

माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलं असेल, तर ते बाबा. साकोलीच्या एका कॉलेजात ते दोनदा गेले, दोन्ही वेळा भिंतींना चुना मारायला. तिसऱ्यांदा मी गेले आणि तीन वर्षांनी बी. ए. होऊन बाहेर पडले. बाबांचं अजून मत आहे की त्यांचं काम जास्त नेटकं झालं होतं.

एकोडीला, आमच्या गावी, धानाच्या दीड बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. एक पूर्ण, आणि एक अशी की जिच्या धुऱ्याच्या हद्दीवरून काकांशी बोलणं बंद. तळ्याचं पाणी सगळ्यांची शेतं करत करत आमच्यापर्यंत पोचायचं, तोवर त्यात पाणी कमी आणि चिखल जास्त असायचा. पावसाळाभर माय दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवण्याला जायची. सकाळी धान रोवायला वाकली की संध्याकाळीच सरळ व्हायची, तीही पूर्ण नाही. घरात छत्री एक. ती दहावीपासून माझ्या नावावर झाली. म्हणजे बाकी तिघांनी युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली, तेव्हा माझी वही कोरडी राहिली. हे मी मिरवायला सांगत नाही. (थोडं मिरवायलाच सांगते. घरातली पहिली पदवी आहे, मिरवायला दुसरं कोण येणार?)

कॉलेजात मला पेपरात पत्रं पाठवायचा नाद लागला. वाचकांच्या मतांचा एक कोपरा असतो, राशिभविष्याच्या खाली आणि मूळव्याधीच्या जाहिरातीच्या वर. तिथे मी एस.टी.च्या वेळांवर लिहिलं, तळ्याकाठी माजलेल्या बेशरमाच्या झाडोऱ्यावर लिहिलं, वरातीतल्या डीजेवर लिहिलं. एस.टी. आपल्याच वेळेवर येत राहिली, बेशरम वाढत राहिला, डीजेचा तर आकार दुप्पट झाला. पण गावात माझं वजन वाढलं. कोणाची कोंबडी कोणाच्या अंगणात गेली तरी लोक आमच्या दारात. "करुणा, हे पेपरात टाकून दे ना वो." मी समजावून सांगायची की कोंबडी हा सार्वजनिक हिताचा विषय नाही. समजावता समजावता अर्धा तास जायचा. तेवढ्यात कोंबडी परत आलेली असायची.

दोन वर्षांपूर्वी मायच्या कमरेनं रोवण्याला कायमचा नकार दिला. तेव्हा माझ्या मोठ्या भावानं, देवाभाऊनं, लाखनीला महामार्गाच्या कडेला एक गाळा धरला. तिथे खानावळ काढायची. माय रांधणार, वहिनी पोळ्या लाटणार, बाबा वाढणार, भाऊ गल्ल्यावर बसणार. मी त्यात नव्हते. मी जवळच्याच एका शिकवणी वर्गात मराठी शिकवत होते, दुपारी जेवायला तेवढी यायची. पदवीधर होते ना.

पाटीवर 'घरगुती जेवण' एवढंच लिहिलं. आत मायच्या हातची पाटोडी, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा, आणि सोबत चिन्नोरचा भात, ज्याचा वास शेजारच्या गाळ्यापर्यंत जायचा. खाणारा गप्प होईल असं जेवण. अडचण एकच होती, खाणारा नव्हता. उड्डाणपूल झाल्यापासून गाड्या आमच्या डोक्यावरूनच जायच्या. पुलावरून गाडीवाल्यांना आमचं फक्त छप्पर दिसायचं, आणि छपरावर वाळत घातलेलं बाबांचं धोतर.

जागामालकांनी भावाला सांगून टाकलं, "दिवाळीवरी पाहतो गा देवा. गिऱ्हाईक दिसलं तं जागा तुही. नाही तं टायरवाला मांगून राहिला, त्याले देतो."

टायरवाला शेजारच्याच गाळ्यात होता. सभ्य माणूस. आमच्याकडे जेवायला यायचा आणि जेवता जेवता भिंतींकडे असा पाहायचा की कोणता टायर कुठे लटकवायचा हे त्याचं ठरत आलंय. जागा गेली तर पुढच्या पावसाळ्यात माय पुन्हा दुसऱ्याच्या बांधीत वाकणार, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. म्हणून त्यावर कोणी बोलत नव्हतं.

भाऊ माझ्याकडे आला.

"करुणे, मोबाईलवर हॉटेलले तारे देतेत ना? तू वीस-पंचवीस नावानं लिहून दे. रायपूरहून आलो, नागपूरहून आलो, लय मस्त जेवन."

"खोट्या नावानं मी लिहीत नाही."

"मंग खऱ्या नावानं लिह."

"खरं नाव माझं एकच आहे."

"बी. ए. करून एकच?" भाऊ मनापासून निराश झाला.

मी खऱ्या नावानंच लिहिलं, आणि पेपरात लिहिलं. मथळा दिला, 'पुलावरून जाणाऱ्यांनो, खाली उतरा'. पूल वेळ वाचवतो हे खरं, पण वाचवलेल्या वेळात माणूस करतो काय? पुढच्या गावी शिळा समोसा खातो, असा माझा मुद्दा होता. चिन्नोरच्या वासावर एक परिच्छेद लिहिला, मायच्या हातावर दोन. त्यातला दुसरा लिहिताना मलाच भूक लागली आणि उठून जेवावं लागलं. शेवटी स्वच्छ लिहिलं की ही खानावळ माझ्या आईची आहे. म्हणून मी वाढवून सांगते आहे असं वाटत असेल, तर येऊन खात्री करावी.

पत्र रविवारी छापून आलं. सोमवारी अकरा माणसं खात्री करायला आली. मंगळवारी सतरा. माझ्या इतक्या पत्रांपैकी पहिल्यांदा एका पत्राचा परिणाम झाला होता, आणि तो माझ्याच घरी. भावानं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून गल्ल्यामागे लावलं. बाबांनी धोतर छपरावरून काढलं. घराला काय प्रतिष्ठा आली म्हणून सांगू.

बुधवारी एका गिऱ्हाइकानं ते कात्रण मोठ्यानं वाचलं.

मायला वाचता येत नाही. तोवर तिला एवढंच ठाऊक होतं की पोरीनं जागेबद्दल पेपरात काही टाकलंय. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, आता तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

"हे कितीक लोकायनं वाचलं?" तिनं विचारलं.

"हजारोंनी, माय."

"आन् त्यात माह्या हाताचं एवढं कवतिक?"

"दोन परिच्छेद."

"नजर लागली तं तुहे परिच्छेद उतरवतीन काय?"

आमच्याकडे सयपाकाची अशी उघड स्तुती करत नाहीत. जेवण चांगलं झालं असेल तर पाहुणा म्हणतो, "हौ, पोट भरलं." फारच चांगलं झालं असेल तर काहीच म्हणत नाही, नुसता परत भात घेतो. तोंडानं 'वा वा' करणाऱ्याच्या पाठीमागे मीठ-मोहरी उतरवतात. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. कॉलेजच्या तीन वर्षांत मी नेमकं तेवढंच विसरले होते.

आणि त्याच दुपारी कढी फुटली. (ताक आंबट होतं. पण हे ऐकून घ्यायला कोणी मोकळं नव्हतं.) मायनं मूठभर लाल मिरच्या, मीठ आणि मोहरी घेतली. चुलीवरून उतरवली, भात शिजतो त्या गंजावरून उतरवली, पोळपाटावरून उतरवली, भिंतीवरच्या माझ्या कात्रणावरून तर सात वेळा उतरवली, आणि सगळं निखाऱ्यात टाकलं.

आमच्याकडच्या मिरचीवर मी वेगळं पत्र लिहू शकेन. गाळा दहा बाय पंधराचा, खिडकी एक. अर्ध्या मिनिटात आठही गिऱ्हाइकं हातात ताटं घेऊन रस्त्यावर उभी. एकजण भाताचा घास तोंडात असतानाच शिंकला, त्याचं पुढचं वर्णन करत नाही. टायरवाला आपल्या दारातून शांतपणे पाहत होता.

माय मात्र समाधानी. कारण या प्रकाराचं शास्त्र असं आहे की मिरची जाळल्यावर ठसका आला तर नजर नाही. ठसका आलाच नाही, तर नजर लागलेली.

"पाहा, साऱ्यायले ठसका आला. नजर नाही," ती म्हणाली.

"झालं ना मग? आता उद्या नको."

"आज नाही हाय. उद्याचं उद्या पाहू."

उद्याचं उद्या पाहणं रोज सुरू झालं. वेळ साडेबाराची. ती गर्दीची वेळ, म्हणजे नजरेचीही तीच. इकडे मोबाईलवर खऱ्या लोकांचे खरे अभिप्राय येऊ लागले. एकानं लिहिलं, 'पाटोडी अप्रतिम. जेवताना रडलो.' मी भावाला म्हटलं, बघ, शब्दांत किती ताकद असते. पुढचं वाक्य होतं, 'डोळे अजून चुरचुरतात.' तीन तारे. दुसऱ्यानं लिहिलं, 'चव उत्तम, पण जेवण रस्त्यावर उभ्यानं करावं लागतं.' दोन तारे. तिसऱ्यानं लिहिलं काहीच नाही, फक्त फोटो टाकला. त्यात धूर होता, आणि धुरात वरणाचं भांडं घेऊन बाबा.

मी प्रत्येकाला उत्तर दिलं. एवढं शिकल्यावर गप्प बसवतं का? 'आपणास झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. तथापि सदर धूर ही सांस्कृतिक बाब असून' अशी सुरुवात करून मी दोन-दोनशे शब्द लिहायची. एका उत्तराखाली कोणीतरी दोनच शब्द लिहिले. 'धूर परवडला.'

दहाएक दिवसांनी खरा घोटाळा झाला. घरच्यांना धुराची सवय झाली. गिऱ्हाइकं तर साडेबाराच्या आत जेवून निसटायला शिकली होती. त्या दिवशी मायनं मिरच्या टाकल्या, आम्ही पाचही जण उभे राहिलो, आणि एकालाही ठसका आला नाही.

मायचा चेहरा उतरला. "लागली," ती म्हणाली. "जबर लागली."

"माय, सवय झाली आपल्याला," मी सांगू लागले. "नाकातल्या त्वचेचं असं असतं की..."

"तू तं बोलूच नोको. तुह्याच लिहिण्यानं लागली."

तिनं मिरच्या दुप्पट केल्या, मग त्यात आणखी एक ओंजळ. धूर दारातून निघाला, खिडकीतून निघाला, पत्र्यांच्या फटींतून निघाला. पुलावरच्या कोणीतरी तो पाहिला. आमच्याकडे जेवायला न उतरणारा माणूस आग लागली म्हणून मात्र उतरला, आणि येताना दुभाजकावरच्या झाडांना पाणी घालणारा टँकर सोबत घेऊन आला. टँकरवाल्यानं काही न विचारता पाइप सोडला. चूल विझली. कणीक भिजली, म्हणजे हवी त्यापेक्षा फारच जास्त भिजली. माझ्या कात्रणाला तेवढं काही झालं नाही, ते प्लास्टिकमध्ये होतं.

संध्याकाळी जागामालक आले. चिखलात चपला काढाव्या की घालून यावं, या विचारात उंबऱ्यावरच थांबले.

"देवा, दिवाळीले किती दिवस हाय?"

"बारा," भाऊ म्हणाला.

"हं."

त्यांच्या मागे टायरवाला होता. त्याच्या हातात मोजपट्टी होती. पण त्यानं ती पाठीमागे धरली होती, इतका तो सभ्य.

ते गेल्यावर भाऊ म्हणाला, "करुणेनं लिहिलं नसतं तं बरं झालं असतं."

"ताईनं लिहिलं म्हणून तं लोक आले," वहिनी म्हणाली. "धूर का ताईनं केला?"

बाबा सुपात ओलं पीठ गोळा करत राहिले. मायनं मला शेजारी बसवून घेतलं.

"तू लहान होती तवा तुले बाहीर नेताना गालाले काय लावत होती मी?"

"काळा ठिपका."

"रूप काही फार नव्हतं. तरी लावत होती. तसा एक ठिपका तुह्या लिहिण्याले लाव. आपल्यातलं काही वाईट लिह. मंग मिरची बंद."

"माय, स्वतःच्या खानावळीची खोट कोणी स्वतः पेपरात देतं का?"

"आन् खरी खोट पायजे. खोट्या ठिपक्यानं नजर फसत नाही."

म्हणजे खोटे अभिप्राय तिलाही चालत नव्हते. माझं हे तत्त्व कुठून आलं, ते मला त्या दिवशी कळलं. मी ते कॉलेजच्या खात्यावर टाकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल वाळवून पेटवली आणि बैठक बसली. विषय, आपल्यात वाईट काय आहे. मी वही उघडून बसले. घरातल्या माणसांना हा प्रश्न कधी विचारू नये.

"पोळ्या जाड होतेत," बाबा म्हणाले.

वहिनीनं लाटणं खाली ठेवलं आणि सासऱ्यांकडे वळली. "मामाजी, पोळ्या जाड होतेत, आन् तुमी? माणूस नाही म्हणते तरी भात वाढता. परवा त्या मास्तरनं ताटावर हात धरला, तं तुमी हातावर वाढला."

"त्यानं बोटं उघडी ठेवली होती."

"तसं पाहिलं तं," भाऊ म्हणाला, "मायचाच हात तिखटाले जरासा..."

"बोल," माय म्हणाली.

"काही नाही."

"नाही, बोल. लहानपणापासून ताट चाटून खाल्लं, तवा नाही बोलला."

"तुमी सोता काय करता?" वहिनी भावाकडे वळली. "गिऱ्हाईक पाणी मांगून मांगून वाळून जाते, आन् तुमी मोबाईलात."

मी सगळं लिहून घेत होते. वहिनी म्हणाली, "ताई, तुमी हे छापणार हाय?" मी म्हटलं, निवड करावी लागेल. त्यानंतर निवड करायला कोणी उरलंच नाही. साडेअकराला वहिनी बाहेर दगडावर पाठ करून बसलेली, बाबा एस.टी. स्टँडवर जाऊन बसलेले, भाऊ सामान आणतो म्हणून गेला तो गेलाच. माय चुलीपाशी, एक शब्द न बोलता भाताचं आधण पाहत. आणि दारात नऊ माणसं, धुराआधी जेवून घ्यावं म्हणून लवकर आलेली. वाढायला राहिले मी.

ताट वाढणं काही अवघड नाही. पण पहिल्याच टेबलावर एक ट्रकवाला म्हणाला, "एकदम टॉप है जी." मी म्हटलं, "टॉप म्हणजे नेमकं काय? वास, चव, की भात मोकळा शिजलाय ते? अभिप्राय द्यायचा तर मुद्देसूद द्यावा." तो घास हातात धरून ऐकत राहिला. दुसऱ्या टेबलावर नवराबायको होते. तीन तारे आणि चार तारे यांच्यात नैतिक फरक काय, ते मी त्यांना समजावलं. तिसऱ्या टेबलावर बँकेतल्या एक बाई पाटोडीला नुसतं 'छान' म्हणाल्या. 'छान' या एका शब्दानं मराठीचं किती नुकसान केलंय, हे मी त्यांना उदाहरणं देऊन सांगितलं. चौथं उदाहरण देताना माझ्या लक्षात आलं की कोणाच्या ताटात मीठ नाही, आणि ट्रकवाल्याच्या ताटात भातच नाही. वरण थंड पडलं होतं. शेवटी बँकेतल्या बाईंनी हात जोडले.

"म्याडम, तुमचं सारं पटलं. आता जेवू द्या ना."

आत झाकण वाजलं. माय दारात येऊन उभी होती, आणि कितीतरी दिवसांनी हसत होती.

"सापडली," ती म्हणाली. "वही काढ."

मी हरकत घेतली. मी या खानावळीत कामाला नाही. जी व्यक्ती कामाला नाही ती त्या संस्थेची खोट कशी ठरेल. शिवाय बोलणं हा दोष नसून... मी बरेच मुद्दे मांडले. वहिनी दगडावरून उठून ऐकायला आत आली. बाबा स्टँडवरून परतले, भाऊ हातात एक कोथिंबिरीची जुडी घेऊन आला. मी थांबले तेव्हा चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मले तं मायचं पटलं बा," बाबा म्हणाले. आणि घरातलं भांडण तिथेच मिटलं. सगळ्यांना मान्य होईल अशी खोट शेवटी मिळाली होती.

मग मी आयुष्यातलं सर्वांत लहान पत्र लिहिलं. 'लाखनीत पुलाखालच्या घरगुती खानावळीत आता धूर नाही. पाटोडी आणि भात पूर्वीसारखेच. मात्र मालकिणीची पदवीधर मुलगी जेवणाऱ्यांशी फार बोलते. ती मुलगी मीच. कळावे.' मोबाईलवरही तेच टाकलं. भावानं तर मला न विचारता पाटीखाली रंगवून घेतलं, 'येथे धूर नाही. मुलगी बोलते.'

लोक आले. स्वतःची खोट स्वतः सांगणारी खानावळ आहे तरी कशी, ते बघायला आलो, असं बरेचजण म्हणाले. मायचं म्हणणं, भूक लागली म्हणून आले. कशानेही आलेले असोत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी जागामालकांना आमच्याकडे बसायला जागा नव्हती. त्यांनी पाण्याच्या टाकीला टेकून उभ्यानं जेवण केलं, हात धुतले आणि म्हणाले, "देवा, जागा तुही." टायरवाल्यानं पुढच्या चौकात दुसरा गाळा पाहिला. अजून जेवायला येतो. भिंतींकडे पाहत नाही.

मिरच्या बंद झाल्या. पण खोट खरी असली पाहिजे, ही मायची अट कायम राहिली. म्हणून मी शिकवणी सकाळवर घेतली, आणि रोज साडेबारा ते दोन खानावळीत उभी राहून जेवणाऱ्यांशी बोलते. सुरुवातीला बरं वाटायचं. आता थकते. रोज नवीन काय बोलायचं? परवा तर एका माणसाला मी वाळवीबद्दल सांगितलं. मागच्या महिन्यात घसा बसला म्हणून दोन दिवस गप्प होते, तर दुसऱ्या दिवशी दूध नासलं. माय गरम पाण्यात मीठ घालून माझ्यापुढे उभी. "गुळणी कर आन् बाहीर ये. सहा टेबलं भरले हाय, कोणी बोलून नाही राहिलं."

गाळा आमच्याकडे आहे. माय आता कोणाच्या बांधीत वाकायला जात नाही. मोबाईलवर खानावळीला साडेचार तारे आहेत. उरलेला अर्धा मी आहे.